राज्य गेलं, दिवस उरले : तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट



मी बोलतोय इरुंगाट्टुकोट्टैहून. चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे गाव येतं. मोटारींचा मोठा कारखाना, त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या, शिफ्टच्या बसगाड्या, शर्यतीच्या मोटारींचा ट्रॅक, असा सगळा हा परिसर आहे. चाकण, वाळूज, सातपूर अशा ठिकाणांहून कामासाठी आलेली मराठी माणसंही इथं भेटतात. इथला महामार्ग पश्चिमेला बंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर, पुणे करत मुंबईला जातो. पूर्वेला तो पूनमल्लीवरून चेन्नई शहरात शिरतो, आणि सरळ आत गेलं की वेपेरी नावाचा जुना भाग लागतो. आजच्या गोष्टीतला एक महत्त्वाचा तुकडा त्या वेपेरीशी जोडलेला आहे, म्हणून हा रस्ता आधी सांगून ठेवला.

आता विषयाकडे येतो. गेले काही महिने तुमचे निरोप वाचतोय. कुणाचा व्यवसाय बसला आहे. कुणाचं घरातलं माणूस गेलं आहे. कुणी वीस वर्षं केलेली नोकरी एका दुपारी संपली म्हणून लिहितं. आणि शेवटी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, की इतिहासातल्या माणसांवर वाईट दिवस आले तेव्हा त्यांनी काय केलं?

या प्रश्नावर आपण पटकन रणांगणावरच्या गोष्टी काढतो. किल्ला गेला, पुन्हा घेतला. हरलो, पुन्हा जिंकलो. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांनी बळही येतं. पण तुमच्या-माझ्या आयुष्यातलं दुःख पुष्कळदा वेगळं असतं. गेलेलं माणूस परत येत नाही. पन्नाशीत गेलेली नोकरी तशीच्या तशी मिळत नाही. तिथं जिंकून परत आणण्यासारखं काही नसतंच. मग अशा वेळी कुणाकडे बघायचं?

मला वाटतं, ज्याला गेलेलं कधीच परत मिळालं नाही, आणि तरीही ज्यानं पुढची बत्तीस वर्षं भरभरून कामात घालवली, अशा माणसाकडे बघावं. असा एक मराठी राजा इथून तीनशेच्या वर किलोमीटरवर, तंजावरला होऊन गेला. त्यांचं नाव सरफोजीराजे भोसले, दुसरे.

दत्तक घेतलेला मुलगा

तंजावरचं मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलं. महाराजांच्या राज्याभिषेकानंतर एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. पुढं शंभर वर्षांनी या गादीवर तुळजाजीराजे होते. या राजानं काय काय सोसलं बघा. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबानं इंग्रजांच्या मदतीनं तंजावर घेतलं आणि राजाला कैद केलं. १७७६ मध्ये राज्य परत मिळालं, पण ते कंपनीच्या मर्जीनं. त्यानंतर हैदर अलीची स्वारी आली आणि कावेरीचा सुपीक मुलूख उद्ध्वस्त झाला. त्यात घरात मुलाबाळांचे मृत्यू. गादीला पोटचा वारस उरला नाही.

जानेवारी १७८७ मध्ये, अगदी आजारी असताना, तुळजाजींनी भोसले कुळातलाच नऊ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. तोच सरफोजी. जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. दत्तविधान झालं आणि काही दिवसांतच तुळजाजी गेले. म्हणजे दहाव्या वर्षी या मुलानं जन्मदात्यांचं घर सोडलं, नवे वडील मिळाले, आणि महिना भरायच्या आत तेही गेले.

तुळजाजींच्या जवळचा एक माणूस होता, क्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ. जर्मन मिशनरी. १७५० मध्ये तरंगमबाडीला आलेला. त्याला तमिळ येत होतं, मराठी येत होतं, फारसीही येत होतं. मरणापूर्वी तुळजाजींनी या मुलाचा सांभाळ त्याच्याकडे सोपवायचा विचार केला. श्वार्ट्झनं ती जबाबदारी घेतली नाही. त्यानं सुचवलं की तुमचे सावत्र भाऊ अमरसिंह आहेत, त्यांना कारभारी नेमा. सल्ला शहाणपणाचा वाटत होता. पण त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागली.

कोंडलेली वर्षं

तुळजाजी जाताच प्रश्न निघाला की हे दत्तविधान शास्त्राला धरून आहे का? मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक, आणि वयानंही मोठा, अशा हरकती निघाल्या. कंपनीनं पंडितांना विचारलं, पंडितांनी दत्तक अमान्य ठरवला, आणि कंपनीनं अमरसिंहांना गादीवर बसवलं. कालपर्यंत जो वारस होता, तो आता अडचण झाला.

पुढची काही वर्षं हा मुलगा तंजावरच्या वाड्यात जवळजवळ कैदेत होता. धड शिक्षण नाही, मोकळं हिंडणं-फिरणं नाही. ही हकिकत बरीचशी श्वार्ट्झच्या पत्रांतून आणि सरफोजींच्या बाजूच्या माणसांकडून आलेली आहे, अमरसिंहांची बाजू तितक्या ताकदीनं नोंदली गेलेली नाही, हे इतिहास वाचताना लक्षात ठेवावं. पण मुलाचं शिक्षण थांबलं होतं आणि त्याच्या जिवाला धोका वाटावा अशी परिस्थिती होती, एवढ्यावर कंपनीलाही पुढं पाऊल उचलावं लागलं.

इथं जरा थांबू या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण काय सांगणार? धीर धर? मनाला खंबीर कर? त्या वयात आणि त्या खोलीत त्याच्या हातात काहीही नव्हतं. हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं, कारण दुःखात असलेल्या माणसाला आपण सगळेच सांगतो, ‘तू ठरव, तू उठ, सगळं तुझ्या हातात आहे.’ आयुष्यात असे काळ येतात की ते आपल्या हातात नसतं. तेव्हा माणूस टिकतो तो बाहेरचं कुणीतरी त्याच्यासाठी हलतं म्हणून.

सरफोजींसाठी हलला तो श्वार्ट्झ. ज्यानं जबाबदारी नाकारली होती, तोच आता कंपनीला लिहीत राहिला. मुलगा कोंडलेला आहे, त्याला शिक्षक द्या, त्याला संरक्षण द्या. एका पत्रानं झालं नाही. वर्षं गेली. शेवटी १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना तंजावरहून मद्रासला हलवण्यात आलं.

तुमच्या ओळखीत एखादं घर असेल, जिथं एखादा मुलगा, एखादी सून, एखादा म्हातारा माणूस मुकाट्यानं काही सोसतो आहे. तुम्ही एकदा विचारपूस केली असेल, पुढं काही झालं नसेल, आणि तुम्हाला वाटलं असेल की आपल्याकडून होईल तेवढं झालं. श्वार्ट्झ दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला. एका मुलाचं आयुष्य त्यावर बदललं.

वेपेरीचे गुरुजी

मद्रासमध्ये सरफोजींच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं ते गेरिके नावाच्या मिशनऱ्यानं. हा श्वार्ट्झचा सहकारी, आणि त्याचं ठाणं म्हणजे वेपेरी. आज वेपेरीत शाळा आहेत, दवाखाने आहेत, जुनी चर्च आहेत, आणि पूनमल्ली हायरोडवर दिवसभर गर्दी असते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाकडून सोळा वर्षांचा एक मराठी मुलगा इंग्रजी शिकत होता.

त्याची अवस्था काय होती? राज्य मिळेल की नाही, ठाऊक नाही. तंजावरला परत जाता येईल का, ठाऊक नाही. निर्णय होणार तो कलकत्त्याला आणि लंडनला, अनोळखी माणसांच्या टेबलावर. कंपनीनं पुन्हा पंडितांची मतं मागवली, या वेळी बंगाल आणि काशीच्या. कागद जात होते, येत होते. इरुंगाट्टुकोट्टैच्या आसपास कंत्राटी नोकरी करणारी पोरं मला भेटतात, त्यांना हे बरोबर कळेल. आपला निकाल दुसऱ्याच्या हातात असतो आणि तारीख कुणी सांगत नाही, तेव्हा एकेक दिवस काढणं फार जड जातं.

त्या पाच वर्षांत सरफोजी शिकले. इंग्रजी, पाश्चात्त्य शास्त्रं, वाचनाची गोडी. ती शिकवणी राज्य मिळण्यासाठी नव्हती, आणि राज्य न मिळतं तरी ती वाया गेली नसती. वाट बघण्याच्या काळात त्यांच्या हाती अशी एक गोष्ट आली, जी कुणाच्या निकालावर अवलंबून नव्हती. पुढं सगळं गेलं तेव्हा हीच गोष्ट कामाला आली.

शेवटी निकाल लागला. दत्तक वैध ठरला. अमरसिंहांना दूर करून २९ जून १७९८ रोजी सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. वय वीस. पण तो दिवस बघायला श्वार्ट्झ नव्हता. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला, अवघे साडेचार महिने आधी, तो वारला होता.

वयाच्या बावीसाव्या वर्षी

आता कुणालाही वाटेल की गोष्ट संपली. अन्याय झाला, दूर झाला, राजा गादीवर बसला. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी, म्हणजे गादीवर बसल्यापासून सोळा महिन्यांत, सरफोजीराजांना कंपनीशी तह करावा लागला. त्या तहानं तंजावर राज्याचा सगळा कारभार, महसूल, न्याय, फौज, कंपनीकडे गेलं. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग. वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढं त्यांना मिळायचं ठरलं. ज्या कंपनीनं गादी दिली, तिनंच राज्य काढून घेतलं.

बावीस वर्षांचा मुलगा. दहाव्या वर्षापासून ज्या एका गोष्टीसाठी कोंडून घेतलं, परक्या गावात पाच वर्षं काढली, ती मिळाली आणि हातातून गेली. मिरवायला छत्रचामर आहे, सही-शिक्का आहे, पण कारभार नाही.

अशा नामधारी राजांचं पुढं काय होतं, हे हिंदुस्थानच्या इतिहासात आपल्याला पुष्कळ वेळा दिसतं. कुणी व्यसनात बुडाला, कुणी कज्जे-खटल्यात आयुष्य घालवलं. सरफोजीराजांनी काय केलं, तर त्यांनी शिल्लक मोजली. किल्ला आहे. वाड्यात जुना ग्रंथसंग्रह आहे, नायक राजांच्या काळापासूनचा. हातात पैसा आहे. चार भाषा येतात. आणि दिवसाचे सगळे तास मोकळे आहेत.

त्या तासांचं काय झालं

तंजावरचा सरस्वती महाल हे त्याचं सगळ्यात मोठं उत्तर. पूर्वीच्या संग्रहात सरफोजींनी एवढी भर घातली की आज ते ग्रंथालय त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तिथं आज सुमारे ४९ हजार हस्तलिखितं आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि तीन हजारांच्या वर मराठी. शिवाय युरोपातून मागवलेली हजारो छापील पुस्तकं. कित्येक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. शिकणं ज्याचं एकदा बंद पाडलं होतं, त्या मुलाच्या हातची ही सही आहे, हे मनात ठेवून ती बघावी.

दुसरं, धन्वंतरी महाल. इथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी माणसं एकत्र आणली. रोग्यांवर उपचार होत, औषधं पारखली जात, नोंदी ठेवल्या जात. अनुभवाला आलेले उपचार तमिळ पद्यांत बांधून घेतले गेले. राजांना डोळ्यांच्या विकारांत विशेष रस होता. डोळ्यांच्या रोग्यांचे जपून ठेवलेले कागद आजही सरस्वती महालात आहेत, रोग्याची हकिकत, उपचार, आणि सोबत डोळ्याची चित्रं.

तिसरं, छापखाना. १८०५ च्या सुमारास तंजावरला देवनागरी टाइपांचा छापखाना उभा राहिला. १८०६ मध्ये तिथून ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक निघालं. इसापच्या गोष्टी, सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या. विचार करा, पुण्यात अजून पेशवाई होती, आणि इकडे कावेरीकाठी मुलांसाठी मराठी गोष्टींचं पुस्तक छापून निघत होतं. देवनागरीत छापलेल्या अगदी पहिल्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते.

चौथं, ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात डोंगरात राहणारी भविष्य सांगणारी बाई येते. सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या या मराठी कुरवंजीत ती बाई जगाचा भूगोल सांगते. खंडं, देश, समुद्र. किल्ल्यापुरता उरलेला राजा लोकांना सगळी पृथ्वी दाखवत होता.

१८२० ते १८२२ या काळात त्यांनी मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली, आणि येताना तिथल्या घाटांची चित्रं आणि हस्तलिखितंही आणली. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला येऊन त्यांना भेटला, तर राजे त्याच्याशी लाव्हाझिये, लिनीअस अशा शास्त्रज्ञांबद्दल सहज बोलत होते.

यादी लांबवत नाही. मुद्दा असा आहे की यातलं एकही काम ‘राज्य परत मिळवण्यासाठी’ नव्हतं. गेलेल्या गोष्टीची जागा भरून काढतो असंही त्यात नव्हतं. राज्याच्या जागी ग्रंथालय बसत नाही. ती जागा रिकामीच राहिली. त्यांनी त्या रिकाम्या जागेच्या शेजारी दुसरं घर बांधलं.

मुक्तांबाळचं छत्र

राज्य जाणं हे एक दुःख झालं. पण माणूस जाणं हे वेगळंच.

सरफोजीराजांच्या आयुष्यात मुक्तांबाळ नावाची स्त्री होती. ती लग्नाची राणी नव्हती, पण राजांचा तिच्यावर फार जीव होता, आणि ती लवकर गेली. तंजावरकडे सांगतात की मरताना तिनं मागणं मागितलं, माझ्या नावानं एक अन्नछत्र बांधा. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूला ते छत्र उभं आहे. १८०२ च्या सुमारास बांधलेलं, मुक्तांबाळच्या नावाचं.

छत्र म्हणजे काय, ते महाराष्ट्रातल्या मंडळींना थोडं सांगायला हवं. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रं बांधली होती. यात्रेकरूला राहायला जागा, जेवण, आजारी पडला तर वैद्य. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला या छत्रांबद्दल एक पत्र लिहिलं. ते वाचताना माणूस हलून जातो. त्यात ते सांगतात की इथं ब्राह्मणापासून परैयरापर्यंत कुणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळतं, आंधळ्या-पांगळ्यांना आसरा मिळतो, बाळंतपणाला आलेल्या बाईची काळजी घेतली जाते, वाटेत आईबाप वारलेल्या पोरांना सांभाळून शिकवलं जातं. आणि विनंती एवढीच की ही छत्रं बंद पडू देऊ नका.

लक्षात घ्या, हे तहानंतरचं पत्र आहे. राज्य गेलेल्या राजाला जे वाचवावंसं वाटलं, त्यात ही छत्रं होती. पोरक्या मुलांचा उल्लेख त्या पत्रात आहे, आणि पत्र लिहिणारा स्वतः दहाव्या वर्षी पोरका होऊन कोंडला गेला होता. दोन्ही गोष्टी जोडून वाचायच्या की नाही, ते तुम्ही ठरवा. मी जोडून वाचतो.

आपल्या घरातही गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी करायची रीत आहे. कुणी शाळेत बक्षीस ठेवतं, कुणी पाणपोई घालतं, कुणी दरवर्षी त्या तिथीला चार माणसं जेवू घालतं. ‘त्यानं काय होणार, माणूस थोडंच परत येणार’ असं म्हणणारे असतात. माणूस येत नाहीच. पण मुक्तांबाळचं नाव आज आपण घेतोय ते त्या छत्रामुळे. दुःखाला हात-पाय मिळाले की ते नुसतं छातीवर बसून राहत नाही.

दगडावर लिहिलेली हकिकत

आणखी एक गोष्ट. तंजावरला बृहदीश्वराचं मंदिर आहे, हजार वर्षांपूर्वी राजराज चोळानं बांधलेलं. त्याच्या आवारात भिंतीवर लांबच लांब मराठी मजकूर कोरला आहे. भोसले घराण्याचा सगळा इतिहास. १८०३ च्या डिसेंबरात तो पुरा झाला. लिहिणारे बाबूराव चिटणीस, लिहवून घेणारे सरफोजीराजे. भारतातल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत तो मोडतो. मराठी यात्रेकरू आजही तिथं बोट फिरवत अक्षरं लावताना दिसतात.

तह झाल्यानंतर चार वर्षांनी हे काम झालं. सत्ता गेल्यावर आपली हकिकत दुसरेच सांगू लागतात. म्हणून आपण कोण, कुठून आलो, आपल्यावर काय गुजरलं, हे आपल्या भाषेत लिहून ठेवणं याला मोल आहे. तुम्हाला शिलालेख कोरायचा नाही. पण एक वही घ्या आणि जे घडलं ते तारीखवार लिहा. डोक्यात गोल गोल फिरणारी गोष्ट कागदावर आली की तिला सुरुवात आणि शेवट मिळतो.

श्वार्ट्झलाही राजे विसरले नाहीत. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आहे. मरणशय्येवर श्वार्ट्झ, आणि त्याचा हात धरून उभे असलेले सरफोजी. राजांनी धर्म बदलला नाही, देवळातली पूजा चालू ठेवली, काशीला गेले, आणि आपल्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाचा हातही दगडात धरून ठेवला.

पण त्यांच्याकडे पैसा होता

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ‘सर, वर्षाला लाख होन मिळत असतील तर कुणीही ग्रंथालय बांधेल.’ आक्षेप अगदी रास्त आहे. पोटापाण्याची चिंता असलेल्या माणसाचं दुःख आणि राजाचं दुःख एक नसतं, आणि ते एक आहे असं मी सांगणारही नाही. ज्याची नोकरी गेली त्याला आधी पुढचा हप्ता भरायचा असतो.

पण हेही बघा, की तसाच पैसा मिळणारे दुसरे कितीतरी राजे होते, आणि त्यांचं आज नावही कुणाला आठवत नाही. पैशानं काम करणं सोपं झालं, कामाची इच्छा पैशानं आली नाही.

दुसरी गोष्ट. निमूटपणे स्वीकारणं हा एकच रस्ता आहे, असंही माझं म्हणणं नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. राज्य परत मिळालं नाही. पण अन्यायाला अन्याय म्हणायचं काम त्यांनी केलं, तेही लागतंच. तुमच्यावर अन्याय झाला असेल, हक्काचे पैसे अडले असतील, तर ग्रंथ वाचत बसू नका, दाद मागा. सरफोजींची गोष्ट ही जिथं दाद मागायला जागा उरत नाही, तिथली आहे.

आणि एक कडू सत्य. सरफोजीराजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. मुलगा शिवाजीराजे गादीवर आले, ते १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता, आणि कंपनीनं उरलंसुरलं तंजावरही खालसा केलं. म्हणजे चांगलं वागलं म्हणून सगळं वाचतं असं नाही. गादी गेलीच. राहिलं ते सरस्वती महाल.

आपण काय घ्यायचं

मला या गोष्टीतून जे कळतं, ते थोडक्यात सांगतो.

अगदी अंधाराच्या काळात, म्हणजे स्वतःला काहीच करता येत नाही तेव्हा, माणूस लागतो. ज्याच्याकडे असा माणूस नसेल त्यानं तो शोधावा, यात कमीपणा नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तकं आणि व्याख्यानं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर फिरवा, पैसे पडत नाहीत, चोवीस तासांत केव्हाही, आणि मराठीतही बोलता येतं. इरुंगाट्टुकोट्टैसारख्या परमुलखात एकटं राहणाऱ्या पोरांनी तर हा नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवावा.

वाट बघण्याच्या काळात, निकाल दुसऱ्याच्या हातात असताना, रोज थोडं शिकावं. असं काही, जे निकाल कसाही लागला तरी आपलंच राहील.

आणि काही कायमचं गेलं असेल, तर त्याच्यासाठी रडायला वेळ द्यावा. मग एक दिवस शिल्लक मोजावी. ती मोजताना लाजू नये. कुणाची शिल्लक ग्रंथालयाएवढी असते, कुणाची संध्याकाळच्या एका तासाएवढी. तो तास कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी त्यात करावं.

तंजावरला गेलात तर मोठं मंदिर बघाच. तिथला मराठी शिलालेख वाचायचा प्रयत्न करा. मग वाड्यातल्या सरस्वती महालात जा, तिथलं संग्रहालय बघा. चालत फिरण्यासारखं अंतर आहे. आणि वेळ असेल तर ओरत्तनाडूच्या छत्राकडेही गाडी वळवा.

तुमच्या गावात कुणाच्या नावानं उभी राहिलेली अशी विहीर, धर्मशाळा, शाळा असेल, तर त्यामागची हकिकत मला जरूर लिहून पाठवा. कुणाच्या दुःखातून ती उभी राहिली, हे आपण पुढच्या भागात मिळून बघू.

भेटू या. नमस्कार.